दुकानाचा संगणक आणि नातवाचा खेळ

सांगलीच्या हळदपेठेतील एका अडत दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. खाली पेढी, मागे कोठार आणि वर राहते घर. पेढीच्या कोपऱ्यात एकच संगणक. दिवसभर त्यावर टॅलीतील नोंदी होतात, शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि आरटीजीएसने पैसे रवाना होतात. सायंकाळी दुकान वाढवले, की त्याच खुर्चीवर नववीतील नातू येऊन बसतो आणि ज्या पडद्यावर दिवसभर हळदीचे भाव होते, त्याच पडद्यावर मोटारींची शर्यत सुरू होते. अशी पेढी केवळ सांगलीत नाही. बार्शी, लातूर, जळगाव, कोणत्याही बाजारपेठेत ती सापडेल.

एका महिन्यात, विवरणपत्राची वीस तारीख जवळ आलेली असताना, हा संगणक विलक्षण मंद झाला. एक पट्टी छापायला पाच मिनिटे लागू लागली. समोर कोणी बसलेले नसतानाही आतील पंखा सारखा घरघरत असे. आजोबांनी यंत्र जुने झाले असे मानले. वडिलांनी इंटरनेटला दोष दिला. अखेरीस ओळखीचा दुरुस्तीवाला आला. त्याने तासभर तपासणी केली आणि म्हणाला, “आजोबा, यात मालवेअर शिरला आहे. साफ करावा लागेल.”

जिन्यावर उभा असलेला नातू घाबऱ्या आवाजात विचारता झाला, “काका, मग माझे गेम जातील का?”

वडील रागावले. येथे पेढीचा हिशोब अडकला आहे आणि मुलाला खेळाची चिंता! आजोबा मात्र काही बोलले नाहीत. मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. संगणकातील कोणती वस्तू स्वतंत्र आहे, कोणती दुसरीला चिकटलेली आहे आणि कोणती मुळातच खोटी आहे, याचा उलगडा त्या एका प्रश्नाच्या उत्तरात होतो.

उचंत खात्यातील नोंद

नियम सांगायचा तर असा: मालवेअर काढल्याने रीतसर बसवलेला गेम सहसा बिघडत नाही. संगणकातील प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र फोल्डरमध्ये आणि स्वतंत्र फाइलींत राहतो. मालवेअर हादेखील एक प्रोग्रामच असतो. फरक एवढाच, की तो मालकाच्या संमतीवाचून किंवा त्याला फसवून आत शिरतो आणि मालकाच्या हिताविरुद्ध काम करतो. वहीतील एक खोटी नोंद रद्द केली म्हणून शेजारच्या पानावरील खरी बाकी बदलत नाही, तसेच हे आहे.

अँटिव्हायरस ज्या रीतीने काम करतो, तीही व्यापाऱ्याला अपरिचित वाटू नये. संशयित फाइल सापडली, की तो बहुधा ती तत्काळ नष्ट करत नाही. तिला कुलूपबंद जागी हलवतो, जेथून ती चालू शकत नाही. पण चूक झाल्याचे आढळले तर परत आणता येते. हिशोबात ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती आपण उचंत खात्यात टाकतो आणि खातरजमा झाल्यावर योग्य जागी वळवतो किंवा रद्द करतो. संगणकाच्या या विलगीकरणाचे तत्त्व तेच आहे. विंडोजमधील डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये अशा हलवलेल्या फाइलींची यादी पाहता येते. कोणतीही सफाई झाल्यावर ती यादी एकदा नजरेखालून घालावी.

गेम कोठे राहतो?

मुलांच्या तोंडी ‘माझा गेम’ हा एकच शब्द असतो. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी विभागलेला असतो.

पहिला भाग म्हणजे गेमचा प्रोग्राम. तो आकाराने मोठा असतो, अनेकदा कित्येक जीबीचा; पण तो गेला तरी पुन्हा उतरवून घेता येतो. दुसरा भाग म्हणजे खेळणाऱ्याची प्रगती: जिंकलेल्या शर्यती, उघडलेले टप्पे, मिळवलेल्या मोटारी. ही माहिती सेव्ह फाइलमध्ये साठते आणि ती फाइल पुष्कळदा गेमच्या फोल्डरमध्ये नसतेच. ती ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये, कधी ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. तिसरा भाग म्हणजे खरेदीचा हक्क. स्टीम किंवा एपिकसारख्या दुकानातून घेतलेल्या गेमची खरेदी त्या दुकानातील आपल्या खात्यावर नोंदलेली असते. यंत्र बदलले तरी ती नोंद राहते. स्टीमवरील अनेक गेम आपली प्रगतीही त्या खात्यावर साठवतात. परंतु सगळेच तसे करत नाहीत.

यावरून लक्षात येईल, की मुलाने जिवापाड जपावी अशी वस्तू म्हणजे मधला भाग. दोन वर्षांची कमाई अनेकदा काही एमबींच्या फाइलीत मावते आणि तिची नक्कल काढायला मिनिटभरही लागत नाही.

नियमाला अपवाद

आता अपवाद. गोंधळ होतो तो येथेच.

पहिला अपवाद वाळवीसारख्या विषाणूंचा. काही मालवेअर शेजारी राहत नाहीत. ते इतर प्रोग्रामांच्या फाइलींत स्वतःला घुसवतात. सॅलिटी आणि विरुट ही या जातीची कुप्रसिद्ध नावे. गेम सुरू करणारी फाइलच अशी पोखरली गेली, तर अँटिव्हायरस ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतो. पण लाकडातील वाळवी काढल्यावर लाकूड पूर्वीसारखे राहीलच असे नाही. २०२३ च्या जून महिन्यात माइनक्राफ्ट या मुलांच्या लाडक्या गेमबाबत असेच घडले. गेमला जोडण्याच्या काही पूरक फाइलींतून, ज्यांना खेळणारे ‘मॉड’ म्हणतात, फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर पसरला. तो त्याच प्रकारच्या इतर फाइली शोधून त्यांतही शिरत असे आणि ब्राउझरमधील लॉगिनची माहिती चोरत असे. अशा वेळी दुरुस्तीच्या नादी न लागता बाधित फाइली काढून टाकाव्यात आणि मूळ ठिकाणाहून नव्याने घ्याव्यात. स्टीममध्ये गेमच्या फाइली तपासून सदोष तेवढ्याच पुन्हा उतरवण्याची सोय आहे.

दुसरा अपवाद चुकीच्या संशयाचा. मॉड किंवा गेममधील फसवणूक रोखणारे प्रोग्राम संगणकात खोलवर हात घालतात, म्हणून अँटिव्हायरस कधी कधी निर्दोष फाइलीलाही अडवतो आणि गेम उघडेनासा होतो. फाइल परत आणता येते. पण ती कोठून आली याची खात्री पटल्याशिवाय ‘परत आणा’ हे बटण दाबू नये.

तिसरा अपवाद फॉरमॅटचा. मालवेअर खोल रुजला असेल, तर दुरुस्तीवाला सगळे पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला देतो. विंडोजमध्ये वैयक्तिक फाइली ठेवून यंत्र पूर्ववत करण्याचाही पर्याय आहे. मात्र त्यात बाहेरून बसवलेले प्रोग्राम, म्हणजे गेमसुद्धा, निघून जातात. घरोघरी ऐकू येणारे ‘व्हायरस काढला आणि गेम गेले’ हे वाक्य बहुधा या प्रसंगातून आलेले असते. गेम सफाईने जात नाहीत, पुसण्याने जातात. म्हणून दुरुस्तीवाल्याला आधीच विचारावे: केवळ साफ करणार, की पुसणार?

चौथा अपवाद सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो या पेढीच्या कोपऱ्यातच बसला होता.

फुकटचा गेम

नातवाच्या संगणकात दोन गेम होते. एक त्याने वाढदिवसाच्या पैशांतून विकत घेतलेला. दुसरा, अधिक महागाचा, मित्राच्या पेनड्राइव्हमधून आणलेला. हा दुसरा म्हणजे ‘क्रॅक’ केलेली प्रत, अर्थात विक्रेत्याचे कुलूप तोडून वाटलेला माल. सोबत एक चिठ्ठीवजा फाइल होती: बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. मुलाने तसे केले.

ही सूचना क्षणभर थांबून वाचावी. माल उतरवण्यापूर्वी राखणदाराला घरी पाठवा, असे सांगणाऱ्या पुरवठादाराशी कोणता व्यापारी व्यवहार करील? क्रॅक पुरवणारे सांगतात, की अँटिव्हायरस क्रॅकवर उगाच संशय घेतो. तो संशय कधी खोटाही असतो. पण तो कधी खोटा आणि कधी खरा, हे ओळखण्याचे साधन चौदा वर्षांच्या मुलाजवळ नसते, मोठ्यांजवळही नसते.

या मार्गाने काय येते, याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. २०२१ च्या जूनमध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनोश नावाच्या मालवेअरची माहिती प्रसिद्ध केली. ग्रँड थेफ्ट ऑटो ५, एनबीए २के१९, फार क्राय ५ यांसारख्या लोकप्रिय गेमच्या फुकट प्रतींतून तो पसरला होता. गेम खरोखरच चालत असे, त्यामुळे कोणाला शंका येत नसे. मालवेअर मात्र विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करी, कारण त्या अवस्थेत अँटिव्हायरस काम करत नाही, मग तो अँटिव्हायरस काढून टाकी, विंडोजची अद्ययावत होण्याची सोय बंद पाडी आणि खाली कोपऱ्यात हिरव्या खुणेचे खोटे चिन्ह लावून ठेवी. पाहणाऱ्याला वाटे, सर्व सुरक्षित आहे. त्यानंतर तो संगणकाची शक्ती वापरून मोनेरो हे आभासी चलन तयार करत बसे. जगभरात २,२२,००० हून अधिक संगणक बाधित झाल्याचे अवास्टने नोंदवले. त्यांत भारतातील संगणक तेरा हजारांहून अधिक होते. २०१८ पासून सूत्रधारांनी सुमारे वीस लाख डॉलर मिळवले. वीज, यंत्र आणि पंखा यांचा खर्च मात्र ज्याच्या घरी संगणक त्याचा.

पेढीवरील पंखा कोणासाठी घरघरत होता, याचा उलगडा येथे होतो. मालवेअर त्याच जातीचा होता. दुरुस्तीवाल्याने तो काढला. विकत घेतलेला गेम पूर्वीसारखाच सुरू झाला. एकही शर्यत, एकही मोटार हरवली नाही. फुकटचा गेम मात्र उघडलाच नाही, कारण ज्या फाइलीने त्याचे कुलूप तोडले होते, तीच फाइल मालवेअर घेऊन आली होती. ज्या खात्याची शिल्लकच खोट्या नोंदीवर उभी आहे, त्यातून ती नोंद काढली की खाते कोसळणारच. त्याला सफाईचे नुकसान म्हणता येत नाही. ती शिल्लक कधी खरी नव्हतीच.

गेमपेक्षा मोठी जोखीम

येथे वडिलांचा राग समजण्यासारखा होता. पण त्यांना खऱ्या धोक्याची कल्पना अजून आलेली नव्हती. केवळ यंत्र मंद करणारा मालवेअर हा त्यातल्या त्यात सौम्य पाहुणा. क्रॅकच्या वाटेने याहून क्रूर मंडळीही येतात.

एक प्रकार खंडणीखोरांचा. २०१८ पासून दिसू लागलेला स्टॉप किंवा डीजेव्हीयू हा रॅन्समवेअर प्रामुख्याने क्रॅकमधूनच घरगुती संगणकांत शिरला. तो फोटो, कागदपत्रे, हिशोब सर्व काही सांकेतिक कुलपात बंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: मालवेअर काढला तरी बंद झालेल्या फाइली उघडत नाहीत. चोर पकडला म्हणून त्याने टाकलेले कुलूप आपोआप निघत नाही. तेव्हा कामी येते ती बहुधा अन्यत्र ठेवलेली नक्कल.

दुसरा प्रकार माहिती चोरणाऱ्यांचा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तो उचलतोच. शिवाय ‘कुकी’ही उचलतो. कुकी म्हणजे एकदा ओळख पटवल्यावर संकेतस्थळाने दिलेला प्रवेशाचा बिल्ला. तो हाती लागला, की चोराला काही ठिकाणी पासवर्ड किंवा ओटीपीचीही गरज उरत नाही. आणि हे केवळ फुकटच्या मालाबाबतच घडते असेही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पायरेटफाय नावाचा एक गेम खुद्द स्टीमवर अवतरला आणि त्यात मालवेअर असल्याचे आढळताच काही दिवसांत हटवला गेला. ज्यांनी तो चालवला होता त्यांना स्टीमने संपूर्ण तपासणी करण्यास आणि विंडोज पुसून नव्याने टाकण्याचा विचार करण्यास सांगितले. रीतसर दुकानात जोखीम पुष्कळ कमी असते, शून्य नसते. नव्या, अनोळखी गेमबाबत थोडा धीर धरणे इष्ट.

सफाईचा क्रम

असा प्रसंग आलाच, तर पुढील क्रम ठेवावा.

प्रथम इंटरनेट तोडावे; वायफाय बंद करावे किंवा तार काढावी. नंतर टॅलीचा डेटा, आवश्यक कागदपत्रे आणि मुलाची सेव्ह फाइल यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी. केवळ माहितीची नक्कल घ्यावी. प्रोग्राम किंवा गेम बसवणाऱ्या फाइली घेऊ नयेत, अन्यथा रोग नकलेबरोबर प्रवास करतो. जुनी नक्कल पुसून तिच्यावर नवी टाकू नये, दोन्ही ठेवाव्यात. त्यानंतर संपूर्ण तपासणी करावी. डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, म्हणून लपणाऱ्या मालवेअरला पळवाट मिळत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही सफाईची मोफत साधने उपलब्ध आहेत.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. बाधित संगणकावर नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे चोरासमोर नवी किल्ली घडवणे. ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदलावा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्याच आधारे बदलता येतात. मग बँक, जीएसटी आणि शेवटी गेमचे खाते. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, म्हणजे चोरलेले बिल्ले निरुपयोगी होतात. डिजिटल सहीचे टोकन काम संपताच काढून तिजोरीत ठेवावे. खात्यातून अनोळखी रक्कम गेलेली दिसली, तर बँकेला त्याच क्षणी कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अशा तक्रारीत तासांना मोल असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवताना त्याने किती दिवसांत कळवले, यालाच महत्त्व दिले होते.

आणि शक्य असेल तर खेळ आणि हिशोब एका यंत्रावर ठेवू नयेत. गल्ल्यातील पैसे आणि घरखर्चाचे पैसे व्यापारी वेगळे ठेवतो, त्यातलाच हा शहाणपणा. दुसरे यंत्र परवडत नसेल, तर मुलासाठी विंडोजमध्ये मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते उघडावे, ज्यात नवा प्रोग्राम बसवण्यासाठी मोठ्यांचा पासवर्ड लागेल. हे पूर्ण संरक्षण नव्हे; पण दाराला निदान कडी तरी होते.

रात्रीची कबुली

दुरुस्तीवाला गेला. विवरणपत्र मुदतीत भरले गेले. बँकेच्या खात्यातून काही गेले नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर नातू आजोबांच्या खोलीत आला आणि खाली मान घालून म्हणाला, “आजोबा, अँटिव्हायरस मीच बंद केला होता. मागच्या महिन्यातच लक्षात आलं होतं, की संगणक हळू चालतोय. पण सांगितलं असतं तर गेम काढून टाकला असता.”

एक महिना! त्या महिन्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघाल्या, लाखोंचे आरटीजीएस झाले, डिजिटल सही वापरली गेली. मालवेअरची जात थोडी वेगळी असती, तर पेढीची पत एका मुलाच्या गप्प बसण्यावर टांगलेली होती. आणि मूल गप्प बसले ते कशाच्या भीतीने? सफाई केली तर गेम जाईल, या अर्धवट समजुतीच्या आणि मोठ्यांच्या रागाच्या. घरात कोणी एकदा शांतपणे सांगितले असते, की विकत घेतलेला गेम जात नाही आणि प्रगतीची नक्कल ठेवता येते, तर तो पहिल्याच दिवशी बोलला असता.

आजोबा थोडा वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “बाळ, सांगितलंस हे बरं केलंस. वहीत चूक सापडली, की पान फाडायचं नसतं. लाल शाईनं दुरुस्ती करायची आणि खाली सही करायची. पुढच्या वेळी चूक दिसली, की त्याच दिवशी सांग. गेम वाचवायचं आपण दोघं मिळून बघू.”

“आणि तो दुसरा गेम?”

“तो आपला नव्हताच. हवा असेल तर पैसे साठव. कमी पडतील ते मी घालीन.”

तेव्हापासून त्या पेढीत एक नवा रिवाज सुरू झाला आहे. दर शनिवारी दुकान वाढवल्यावर नातू बाहेरची डिस्क जोडतो, टॅलीच्या डेटाची नक्कल घेतो, शेजारच्या फोल्डरमध्ये आपली सेव्ह फाइल ठेवतो आणि डिस्क काढून आजोबांच्या हाती देतो. आजोबा वहीत तारीख टाकतात आणि डिस्क तिजोरीत ठेवून कुलूप लावतात.